सतरावं पान

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कामेनरेका गावाच्या वाचनगृहाचे अध्यक्ष व्हेलिझार दोचेव यांनी एक नवं कोरं चित्रपुस्तक उघडलं. कोल्ह्याचं पिल्लू आईशी भांडून तरातरा जंगलाकडे निघालं होतं. दोचेवनी पान उलटलं. पिल्लू घरी, आईच्या कुशीत, गाढ झोपलेलं.

"हे काय? जंगलात गेलंच नाही?"

जंगल कुणीतरी कापून नेलं होतं.

दोचेवनी दुसरं पुस्तक उघडलं. आगगाडी बोगद्यात शिरत होती आणि तिथेच संपत होती. तिसऱ्यात चंद्र नाहीसा. शुक्रवारी राजधानीहून चौदा चित्रपुस्तकं आली होती. त्यांतल्या तेरांमधून प्रत्येकी एक पान गेलं होतं. चौदावं, तान्ह्या मुलांसाठीचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक तेवढं धड होतं.

हवालदार ग्रोझ्देव दहाला आला. हातात अर्धी खाल्लेली चीजची बानित्सा.

"कुणाला लागलं-बिगलं?"

"पुस्तकांना लागलंय," ग्रंथपाल द्राग्ना मित्रेवा म्हणाल्या.

"मग डॉक्टरला बोलवायचं." त्याने बोटं पुसली आणि कोल्ह्याचं पुस्तक नाकाशी नेलं. "याला राकियाचा वास येतोय. आलुबुखाराची, घरची. कुण्या पिऊन तर्र झालेल्याचं काम."

"तर्र झालेला माणूस इतकं सरळ कापतो?"

ग्रोझ्देवने खांदे उडवले, वहीत दोन ओळी खरडल्या आणि तो निघून गेला. दोचेव मात्र थांबले. ते वाईट माणूस नव्हते. पण नाचाच्या पथकाचे पोशाख ठेवायला त्यांना गेली दोन वर्षं जागा हवी होती आणि त्यांची नजर मुलांच्या खोलीवर होती.

"द्राग्नाबाई, पुस्तकांच्या पावतीवर सही तुमची आहे. गुरुवारी नगरपालिकेची समिती ही खोली ठेवायची की बंद करायची ते ठरवायला येतेय. हे असलं त्यांना दाखवू? तोवर पानं सापडली तर ठीक. नाहीतर खोली बंद, आणि तुम्ही घरी. मला तरी दुसरं काही दिसत नाही."

द्राग्नाबाईंनी चव्वेचाळीस वर्षं त्या खोलीत मुलांना वाचून दाखवलं होतं. दोचेवनासुद्धा, ते सहा वर्षांचे असताना.

२

नेवेना कोप्चेवा जिल्ह्याच्या दैनिकात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होत्या. निवृत्तीनंतर दर सोमवारी त्या पुस्तकं बदलायला येत. त्या सोमवारी द्राग्नाबाईंनी त्यांचा हात धरला.

"नेवेना, तीन दिवस तुझे डोळे उसने दे मला."

"चहा पाज आधी."

द्राग्नाबाईंनी लिपाच्या फुलांचा चहा ओतला. ओतताना त्यांनी तर्जनी कपाच्या काठावर आतून टेकवून ठेवली होती. चहा बोटाला लागताच त्या थांबल्या. हात थरथरतोय म्हणून असेल, असं नेवेनाबाईंना वाटलं.

"शुक्रवारी काय काय झालं? ओळीने सांग."

"दहाला खोकं आलं. नोंद केली, शीर्षकपानांवर शिक्के मारले. दुपारी बालवाडीत गोष्ट सांगायला गेले. दीडला परत येऊन उरलेलं काम केलं. चारला कुलूप."

"शनिवारी कोण आलं होतं?"

"किल्ली तिघांकडे. दोचेव आला होता, खोलीची मापं घ्यायला. बिल्याना हॉलमध्ये तिची चित्रं लावत होती. आणि स्तामो, पुस्तकांना कार्डाचे खिसे चिकटवायला. तो दर शनिवारी येतो, तुला ठाऊक आहे."

नेवेनाबाईंनी तेराही पुस्तकं टेबलावर मांडली. पान शिवणीपासून कापलेलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी बोटभर रुंदीची पट्टी मागे ठेवलेली होती. शिवलेल्या पुस्तकात दोन पानं म्हणजे एकच कागद असतो. एक मुळापासून छाटलं की दुसरं आपोआप गळतं. इथे एकही जोडीदार पान सैल झालं नव्हतं. कोल्ह्याच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. कापलेल्या पानासमोरच्या पानाचा कोपरा ओला होऊन वाळल्यासारखा सुरकुतला होता, आणि वास तिथूनच येत होता. बाकीच्या बारांना वास नव्हता.

"द्राग्ना, ज्याने कापलं त्याला पुस्तकांची कीव आलेली आहे."

"कीव आली तर कापलं कशाला?"

नेवेनाबाईंनी पुस्तकं मिटून एकावर एक रचली.

३

बिल्याना चित्रकार होती, पस्तिशीची. चौदांपैकी एक पुस्तक तिचंच होतं. शिडीवर उभी राहून ती खिळा ठोकत होती.

"मावशी, माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. गेल्या वर्षी मीच बोंब मारली होती, साऱ्या गावाने ऐकलंय."

"कशाबद्दल?"

"माझ्या अस्वलाच्या नाकावर शिक्का! आठ महिने रंगवलं मी ते अस्वल. पुस्तकाचं सगळ्यात मोठं चित्र, आणि त्याच्या बरोब्बर नाकावर जांभळा गोल. मी द्राग्नाबाईंना म्हटलं, मागे मारा, कोपऱ्यात मारा. म्हणतात, नियम आहे."

"कितव्या पानावर होता?"

"चित्रपुस्तकाला कधी आकडे असतात का पानांना? मधल्या पानावर होता, एवढं माहीत आहे." ती खाली उतरली. "पण मी पान कापीन? या वर्षी तर नव्या पुस्तकाचं मधलं चित्रच गेलंय माझं. रडू येतंय मला, आणि लोक माझ्याकडे बघतायत."

दोचेव हॉलच्या दारात उभे राहून ऐकत होते.

"आणि मी कापलं असतं तर," ते म्हणाले, "अख्खी पुस्तकंच गायब केली असती. मला पान नको, खोली हवी आहे. नेवेनाबाई, माझी नात गुरुवारी इथे गोष्ट ऐकायला येणार आहे. तिला काय सांगू, आजोबांना नाचाच्या टोप्या ठेवायच्या आहेत?"

"हे स्वतःला विचारलंत ते बरं केलंत."

अंगणात स्तामोकाका बाकावर बसले होते. सत्तरीचे, ताडमाड उंच, बोटांच्या पेरांत कायमचा सरस. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. त्यांच्या डोक्यावर मोहरलेलं आलुबुखाराचं झाड होतं आणि त्याच्या फांद्यांना मार्तेनित्साचे धागे लटकत होते, करकोचा दिसला की मनगटावरून सोडून झाडाला बांधतात ते.

"करकोचे आले वाटतं," नेवेनाबाई म्हणाल्या.

"शुक्रवारी भर दुपारी. मी आत येत होतो, आणि दोन्ही धुराड्यावर येऊन बसले. तिथल्या तिथे मनगटावरची मार्तेनित्सा काढली आणि फांदीला बांधली. करकोचा दिसल्यावरही ती अंगावर ठेवलेली आमच्या आईला चालत नसे. वर्ष वाईट जातं म्हणायची."

"काका, पानांचं काय वाटतं तुम्हाला?"

"मी शनिवारी खिसे चिकटवले आणि घरी गेलो." ते एकदम उठले. "द्राग्नाने हे केलं नाही, एवढं लिहून घ्या."

"तिने केलं असं मी कुठे म्हटलं?"

ते लांब ढांगा टाकत निघून गेले. नेवेनाबाईंनी वर पाहिलं. सगळ्या मार्तेनित्सा लाल-पांढऱ्या पिळाच्या, जशा असतात तशा. सगळ्यात उंच फांदीवरची एक मात्र नुसतीच लाल होती. पांढरा धागा तिच्यात नव्हताच.

४

मंगळवारी सकाळी नेवेनाबाईंनी आपला जुना धंदा सुरू केला. त्यांनी पानं मोजली.

गोष्टीच्या हिशेबाने काही जुळत नव्हतं. कुठे जंगल गेलं होतं, कुठे बोगदा, कुठे चंद्र, कुठे नुसती निळी भिंत. म्हणून त्यांनी गोष्ट बाजूला ठेवली. अस्तराचे कागद सोडले आणि पहिल्या छापील पानापासून कापलेल्या पट्टीपर्यंत मोजलं. सोळा. दुसरं पुस्तक, सोळा. तिसरं, सोळा. तेराव्यापर्यंत एकदाही आकडा चुकला नाही.

"द्राग्ना! ग्रंथालयाचा दुसरा शिक्का कितव्या पानावर मारतात?"

"सतराव्या. आमच्या आधीपासूनचा नियम आहे. चोर शीर्षकपान फाडतो, सतरावं त्याच्या ध्यानात येत नाही."

"आणि सतरा पानंच नसतील तर?"

"तर शेवटच्या पानावर."

दोघींनी एकदमच त्या धड राहिलेल्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाकडे पाहिलं. निदान नेवेनाबाईंनी पाहिलं. द्राग्नाबाईंनी नुसती त्या दिशेला मान वळवली. त्याची जेमतेम बारा पानं होती. नेवेनाबाईंनी शेवटचं उघडलं. तिथे शिक्का नव्हता. तिथे कार्डाचा खिसा होता, आणि तो झोपलेल्या सशाच्या तोंडावर, पानाच्या ऐन मध्यावर चिकटवलेला होता. बाकीच्या तेरांमध्ये खिसा मागच्या पुठ्ठ्याच्या उजव्या कोपऱ्यात होता, एका रेषेत, फूटपट्टी लावून.

चाळीस वर्षं बांधणी केलेला माणूस सशाच्या तोंडावर खिसा चिकटवत नाही. काही झाकायचं असेल तरच चिकटवतो.

नेवेनाबाईंनी चहाच्या किटलीची वाफ दिली. पाच मिनिटांत खिसा सुटला.

खाली जांभळा, ठसठशीत, गोल शिक्का होता. त्यावर लिहिलं होतं: नोंदीतून बाद.

५

जुनी, फाटकी पुस्तकं रद्दीत धाडण्याआधी हा शिक्का मारतात. तो एकदा बसला की पुस्तक फळीवर ठेवता येत नाही. चौदा नवी पुस्तकं, जन्मताच मेलेली.

"काय आहे गं खाली?" द्राग्नाबाईंनी विचारलं.

पुस्तक त्यांच्या हातात होतं. अक्षरं जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या पाटीएवढी नव्हती, पण वाचता न येण्याएवढी बारीकही नव्हती. नेवेनाबाईंना कपाच्या काठावरचं बोट आठवलं. मग दाराशी कोण आहे ते पावलांवरून ओळखणं, आणि गोष्ट सांगताना पुस्तकाकडे न बघणं.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

द्राग्नाबाईंनी टेबलाची कड चाचपली आणि पुस्तक खाली ठेवलं.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनचा नंबर सप्टेंबरात आहे. गोष्टी सगळ्या पाठ आहेत, नव्या आल्या तर शेजारच्या मुलीकडून दोनदा वाचून घेते. तोवर निभेल वाटलं. सांगितलं असतं तर दोचेवने दुसऱ्या दिवशी टोप्या आणून टांगल्या असत्या." मग त्यांचा आवाज बदलला. "शिक्का काय आहे, नेवेना?"

नेवेनाबाईंनी सांगितलं.

"शक्यच नाही! त्या शिक्क्याला मी हातसुद्धा लावत नाही. दोन्ही मुठी सारख्या म्हणून बादच्या मुठीला मी लाल लोकर बांधून ठेवलीय. बोटाला लोकर लागली की सोडून द्यायचा. ती लोकर गेल्या वर्षापासून..."

नेवेनाबाईंनी खण उघडला. दोन लाकडी मुठी, दोन्ही गुळगुळीत. लोकर कुठेच नव्हती.

"सकाळी शीर्षकपानांवर मारलास तेव्हा लोकर होती?"

"होती. लागली ना बोटाला."

"आणि दीड वाजता?"

"दीड वाजता..." द्राग्नाबाई थबकल्या. "दीड वाजता पहिलाच हाती लागला तो मऊ नव्हता. म्हणून तोच घेतला."

नेवेनाबाई उठल्या आणि कोट न घालताच अंगणात गेल्या. नुसत्या लाल धाग्याची गाठ त्यांनी बाकावर चढून पाहिली. मग शेजारच्या लाल-पांढऱ्या मार्तेनित्साची पाहिली. दोन्ही गाठी एकसारख्या होत्या, चपट्या, ओढली की आवळणाऱ्या. अशी गाठ पुस्तक शिवणारा मारतो. आणि ती फांदी बाकावर न चढता गाठू शकेल असा गावात एकच माणूस होता.

६

स्तामोकाकांच्या घरात कपडे वाळत घालायच्या दोरीवर तेरा पानं चिमट्यांनी लटकत होती. कोल्ह्याचं जंगल, बोगदा, चंद्र, बिल्यानाचं मधलं चित्र. प्रत्येकावर जिथे शिक्का होता तिथे फिकट जांभळी सावली तेवढी उरली होती. टेबलावर कापूस आणि राकियाची बाटली.

"साठ अंशांची आहे," काका म्हणाले. त्यांनी लपवालपवी केली नाही. "गुळगुळीत कागदावर शाई आत शिरत नाही. हळूहळू टिपलं की निघते. शनिवारी खिसे चिकटवताना शिक्के दिसले. पहिलं पुस्तक तसंच, न कापता पुसायला गेलो, तर ओघळ समोरच्या पानावर गेला. म्हटलं, पानं सुटी करावी, घरी निवांत पुसावी, आणि पुन्हा पट्टीवर चिकटवावी. म्हणूनच पट्टी ठेवली. बुधवारपर्यंत पानं जागेवर गेली असती, कुणाला कळलंही नसतं. तो दोचेव सोमवारीच तडमडेल हे मला काय ठाऊक!"

"आणि सोमवारी का नाही बोललात? द्राग्नाची नोकरी जातेय, काका."

"बोललो असतो तर विचारलं असतं, कशासाठी कापलीत? मग शिक्का निघाला असता, आणि शिक्क्यामागून तिचे डोळे." त्यांनी बाटलीला बूच लावलं. "मी दोन वर्षांपासून बघतोय. ती माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याशी बोलते."

"तिची चूक झाकत होतात तर."

"हो."

नेवेनाबाई खुर्चीवर बसल्या. पुढचं वाक्य त्यांनी दोनदा मनात तपासून पाहिलं, छापायला जाण्याआधी मथळा तपासावा तसं.

"काका, शुक्रवारी दुपारी शिक्क्याच्या मुठीवरून काय काढलंत?"

"काढलं? हां, ती मार्तेनित्सा. मुलं कुठेही बांधतात. पांढरा धागा झडून गेला होता बिचारीचा. म्हटलं, करकोचे आलेत, शिक्क्याचं तरी वर्ष वाईट का जावं? माझ्यासोबत तिलाही झाडाला..." ते थांबले.

"ती मार्तेनित्सा नव्हती," नेवेनाबाई हळूच म्हणाल्या. "ती द्राग्नाची खूण होती. हा शिक्का उचलू नकोस, म्हणून."

दोरीवरची पानं वाऱ्याने हलत होती. स्तामोकाकांनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"तुम्हीच. गावातल्या कुणीही तेच केलं असतं. मीसुद्धा."

"आता काय करायचं?"

"तुम्ही पानं चिकटवायची. बाकीचं द्राग्ना ठरवेल. डोळे तिचे आहेत."

७

गुरुवार, एप्रिलची दोन तारीख, मुलांच्या पुस्तकांचा दिवस. समितीचे तिघे मागच्या रांगेत, बालवाडीची बावीस मुलं पुढे गालिच्यावर. चौदाही पुस्तकं टेबलावर, पुरी. सशाचा गाल पुसून घेतलेला, खिसा आपल्या कोपऱ्यात.

काहीच सांगितलं नसतं तरी चाललं असतं. नेवेनाबाईंनी तसं सुचवूनही पाहिलं होतं. "आणि पुढच्या वेळी?" एवढंच द्राग्नाबाईंनी विचारलं होतं.

त्या उभ्या राहिल्या. शिक्का चुकीचा आपण मारला, कारण आपल्याला दिसत नाही, आणि हे आपण लपवलं, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. स्तामोकाका पाचवं वाक्य बोलायला उठले, आणि त्यांनी लोकरीची हकीकत सांगितली. समितीच्या अध्यक्षीणबाईंनी आधी भुवया चढवल्या. करकोच्यांपाशी आल्यावर त्यांनी रुमाल तोंडाला लावला. शेवटी त्यांनी कोल्ह्याचं पुस्तक मागवलं, सतरावं पान उजेडाकडे धरलं आणि वास घेतला.

"चांगली राकिया आहे," त्या म्हणाल्या. "वाया घालवलीत."

त्यांनी गालिच्यावरची मुलं मोजली, मग वहीत लिहिता लिहिता सांगितलं: खोली चालू राहील. बादचे शिक्के रद्द केल्याचा कागद समिती देईल. ऑपरेशन होईपर्यंत मित्रेवाबाई गोष्टी सांगतील. शिक्क्यांना मात्र हात लावणार नाहीत.

"मग शिक्के कोण मारणार?" बिल्यानाने विचारलं.

"मी मारीन," दोचेव म्हणाले. त्यांची नात गालिच्यावरून वळून त्यांच्याकडे बघत होती.

"तुम्ही? म्हणजे अस्वलाच्या दोन्ही डोळ्यांवर!" बिल्याना म्हणाली.

"आजोबा, गप्प बसा ना," नात म्हणाली. "गोष्ट सुरू होतेय."

द्राग्नाबाईंनी कोल्ह्याचं पुस्तक मुलांकडे तोंड करून धरलं. पिल्लू आईशी भांडलं. घराबाहेर पडलं. त्यांचं बोट पानांच्या मुळाशी सरकत होतं. एका पानाला चिकटवलेली जाड कड होती. तिथे बोट टेकताच त्या थांबल्या, हसल्या आणि न बघता म्हणाल्या, "आणि आता, जंगल!"

बावीस तोंडं उघडी राहिली.

मुलं गेल्यावर स्तामोकाका खणापाशी गेले. झाडाला बांधलेला धागा परत सोडत नाहीत, त्यामुळे लाल लोकर तिथेच राहणार होती. त्यांनी खिशातून लोकरीची नवी गुंडी काढली आणि बादच्या मुठीला चपटी गाठ मारली.

"बघ," ते म्हणाले, आणि द्राग्नाबाईंचं बोट धरून तिच्यावर ठेवलं. "लागली?"

"लागली. कुठला रंग?"

"हिरवा. करकोचे हजार येऊ देत, हिरव्याला कुणी हात लावणार नाही."